आधी चावी, मग तक्रार : ऑटोमॅटिक घड्याळांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी ऑटोमॅटिक घड्याळ भेट दिलं. सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत ते हातात असतं, तरी आठवड्यातून एक-दोनदा पहाटे बंद पडलेलं सापडतं. दुकानदार म्हणतो, यंत्र उत्तम आहे. मग बंद का पडतं?

उत्तर : दुकानदाराचं म्हणणं बहुधा खरं असावं. ‘ऑटोमॅटिक’ या शब्दाने गल्लत होते. हे घड्याळ आपोआप चालत नाही, त्याला आपोआप चावी बसते, तीही हात हलला तरच. खुर्चीत बसून वाचताना, गाडी चालवताना किंवा कीबोर्डवर बोटं चालवताना मनगट जवळजवळ स्थिर असतं. बारा तास हातात असलेल्या घड्याळाला प्रत्यक्षात दोन तासांपुरतीच हालचाल मिळाली, असं सहज होतं. नोकरीच्या दिवसांत जिने, धावपळ, बसचा दांडा यांतून जे आपसूक मिळायचं, ते निवृत्तीनंतर मिळत नाही.

दोष घड्याळाचा की दिनक्रमाचा, हे घरीच ठरवता येतं. घड्याळ हातातून काढा. चावी आट्यांची असेल तर आधी उलटी फिरवून मोकळी करा. मग ती बाहेर न ओढता, समोरून पाहताना काट्यांच्या दिशेने, तीस ते चाळीस वेळा फिरवा. साध्या चावीच्या घड्याळात शेवटी चावी घट्ट होते आणि हात थांबतो. इथे तसं होणार नाही, म्हणून मोजूनच फिरवायची. नंतर तबकडी वर करून घड्याळ टेबलावर ठेवा, सुरुवातीची वेळ कागदावर लिहा आणि त्याला हात लावू नका. पाळत ठेवून बसायची गरज नाही. बंद पडलेले काटे आणि तारीख थांबल्याची वेळ सांगतात, फक्त सकाळ की संध्याकाळ एवढं अधूनमधून पाहून ठेवा.

बहुतेक साध्या ऑटोमॅटिक यंत्रांचा साठा, म्हणजे पूर्ण चावीवर चालण्याचा काळ, ३८ ते ४२ तासांचा असतो, काही नव्या यंत्रांचा ७० ते ८० तासांचा. माहितीपत्रकात लिहिल्याइतकं चाललं तर घड्याळ निरोगी आहे. दर सकाळी पंधरा-वीस फेरे चावी द्या, प्रश्न मिटला. चाळीसऐवजी पंचवीस तासांतच थांबलं तर दोष आतला आहे : तेल सुकलं असेल किंवा कमान, म्हणजे चावीने गुंडाळली जाणारी स्प्रिंग, वेळेआधी घसरत असेल. आणि चावी दिल्यावर पूर्ण चालतं, दिवसभर चालून-फिरूनही रात्री मात्र रिकामंच राहतं, असं असेल तर मूळ यंत्र ठीक, आपोआप चावी भरणारा भाग नादुरुस्त. घड्याळजीकडे जाताना यातलं काय घडलं ते सांगितलंत तर त्याचं निम्मं काम झालेलं असतं.

एक अपवाद. सेइकोच्या ७एस२६सारख्या यंत्रांना हाताने चावी देताच येत नाही. चावी कितीही फिरवा, आत काही होत नाही. असं घड्याळ आडवं धरून अर्धा मिनिट डावीकडून उजवीकडे सावकाश झुलवा, चालू झालं की हातात घाला. औषधाच्या बाटलीसारखं गदागदा हलवू नका. त्याने चावी जास्त भरत नाही, उगाच धक्के बसतात.

प्रश्न : मागच्या काचेतून एक अर्धगोल चकती फिरताना दिसते. तिच्यामुळे चावी नेमकी कशी भरते? आणि दिवसभर फिरत राहिली तर कमान तुटत नाही का?

उत्तर : ती चकती म्हणजे रोटर. नीट पाहिलंत तर तिची बाहेरची कड मधल्या भागापेक्षा जाड दिसेल. वजन मुद्दाम कडेला ठेवलेलं असतं, काही वेळा टंगस्टनसारख्या जड धातूचं, कारण मध्यापासून जितकं दूर वजन तितका जोर जास्त. घड्याळ कसंही वळवा, जड बाजू खाली यायला पाहते. रोटर फिरतो असं आपल्याला दिसतं, पण खरं म्हणजे बऱ्याचदा रोटर जागच्या जागी लोंबत राहतो आणि घड्याळच त्याच्याभोवती वळतं.

रोटर दोन्ही दिशांना फिरतो, पण कमान एकाच दिशेने गुंडाळायची असते. इथे रिव्हर्सर नावाची दोन छोटी चाकं कामाला येतात. प्रत्येकाच्या आत बारीक खिट्ट्या असतात. रोटर एका दिशेने फिरला की एक चाक जोर पुढे देतं आणि दुसरं मोकळं फिरतं, दिशा बदलली की कामं उलटतात. सेइकोने १९५९मध्ये याऐवजी दोन बोटांचा एक चिमटा आणला, ‘मॅजिक लिव्हर’. त्याचं एक बोट चाक ओढतं, तर दुसरं ढकलतं. भाग कमी, बिघाड कमी. काही यंत्रं एकाच दिशेला चावी भरतात. मियोटा या जपानी कंपनीचं ८२१५ हे यंत्र त्यातलं. अशा यंत्रात रोटर मोकळ्या दिशेला भर्रकन फिरतो आणि शांत खोलीत ऐकूही येतो. तो बिघाड नव्हे.

पुढे चाकांची एक माळ वेग कमी करून जोर वाढवते. रोटरचे शंभराहून अधिक फेरे झाले की कमान ज्या आसावर गुंडाळली जाते तो जेमतेम एकदा फिरतो. म्हणून तर एवढीशी चकती एवढी ताठ कमान ताणू शकते. कमान म्हणजे साधारण चाळीस सेंटिमीटर लांबीची पोलादी पट्टी. रुंदी सव्वा मिलिमीटरच्या आसपास, जाडी मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाएवढी. ती एका गोल डबीत गुंडाळलेली असते.

आता तुटण्याची भीती. साध्या चावीच्या घड्याळात कमानीचं बाहेरचं टोक डबीच्या भिंतीला अडकवलेलं असतं, म्हणून चावी शेवटी थांबते. ऑटोमॅटिकमध्ये ते टोक अडकवत नाहीत. त्याला उलट्या बाकाची एक जास्तीची पट्टी जोडलेली असते. ती भिंतीला आतून रेटून धरते आणि ताण पुरेसा झाला की थोडी घसरते. भिंतीला खास चिकट ग्रीस लावलेलं असतं, ते पट्टीला योग्य क्षणापर्यंत धरून ठेवतं आणि मग सोडतं. त्यामुळे ‘जास्त चावी दिल्याने बिघडलं’ हे निदान ऑटोमॅटिकच्या बाबतीत कोणी सांगितलं तर मान डोलावू नका. बिघाड उलट प्रकारचा होतो. ग्रीस सुकतं किंवा चुकीचं पडतं, मग पट्टी फार लवकर घसरते, कमान कधीच पूर्ण भरत नाही आणि चाळीस तासांचं घड्याळ पंचवीस तासांवर येतं. वरच्या प्रश्नातला ‘आतला दोष’ अनेकदा हाच निघतो.

प्रश्न : आजोबांचं १९४०च्या दशकातलं ऑटोमॅटिक घड्याळ मिळालं. हात हलवला की आत काहीतरी टकटक आपटतं. रोटर सुटला आहे का?

उत्तर : सुटला नसावा. त्या काळातल्या बऱ्याच घड्याळांत वजन पूर्ण गोल फिरतच नसे. ते ठरावीक अंतरातच झुलायचं आणि दोन्ही टोकांना छोट्या स्प्रिंगांवर आदळून परतायचं. या जातीला ‘बंपर’ म्हणतात. मनगटावर जाणवणारी ती हलकी ठोकर म्हणजे घड्याळ चावी भरतंय, एवढाच अर्थ.

ही रचना मनगटी घड्याळात आणली जॉन हारवुड या ब्रिटिश घड्याळजीने. १९२४मध्ये त्याला स्वित्झर्लंडमध्ये पेटंट मिळालं. पूर्ण भरलं तरी त्याचं घड्याळ बाराच तास चालायचं. त्याला चावीच नव्हती, काचेभोवतालचं कडं फिरवून वेळ लावायची. चावीच्या भोकातून धूळ शिरते, तर भोकच नको, असा त्याचा सरळ हिशोब. कल्पना त्याहूनही जुनी आहे. स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्लचा अब्राहम-लुई पेरले १७७०च्या दशकात खिशातली स्वयंचलित घड्याळं करत होता. मात्र पहिलं श्रेय त्याचं की बेल्जियममधल्या लिएजच्या ह्यूबेर सार्तोंचं, यावर जाणकार अजून भांडतात. मनगटी घड्याळात पूर्ण गोल फिरणारा रोटर रूढ केला तो रोलेक्सने, १९३१मध्ये.

तुमच्या घड्याळाच्या ठोकरीचा आवाज मऊ असेल तर चिंता नको. धातूवर धातू वाजल्यासारखा कोरडा ‘टण्’ येत असेल तर आपटण्याच्या स्प्रिंगा थकल्या किंवा तुटल्या आहेत. मग वजन थेट यंत्राला धडकतं, तेव्हा वापर थांबवून दुरुस्ती करा. शेवटचं तेलपाणी कधी झालं हे माहीत नसेल तर आधी सर्व्हिसिंग, मगच रोज हातात. आणि काट्यांवर किंवा आकड्यांवर करपलेल्या, तपकिरी रंगाचा चमकता लेप असेल तर तो स्वतः खरवडू नका. त्या काळी त्यात रेडियम वापरायचे. त्याची चमक विझते, किरणोत्सर्ग नाही.

प्रश्न : दोन वर्षं व्यवस्थित चालणारं घड्याळ गेल्या आठवड्यापासून अचानक दिवसाला पाच-सहा मिनिटं पुढे जातंय. पडलेलं नाही. सर्व्हिसिंग करावं का?

उत्तर : थांबा. अचानक आणि मिनिटांत पुढे जाणारं घड्याळ, तेही न पडता, म्हणजे पहिला संशय चुंबकावर. घड्याळाची चाल सांभाळतं ते बॅलन्स व्हील, म्हणजे इकडून तिकडे झोके घेणारं चाक, आणि त्याची केसासारखी बारीक स्प्रिंग, म्हणजे हेअरस्प्रिंग. तिच्या वेटोळ्यांना चुंबकत्व लागलं की ती एकमेकांना चिकटतात, स्प्रिंगची कामाची लांबी घटते आणि व्हील भराभर झोके घेऊ लागतं. तेल सुकल्याचं लक्षण असं एका रात्रीत येत नाही, ते महिनोन्महिने हळूहळू येतं.

चुंबक घरात जागोजागी आहेत : टॅब्लेटचं कव्हर, मोबाईलच्या पाठीला चिकटणारा चार्जर, पर्सचं बटण, स्पीकर. रात्री घड्याळ कुठे ठेवता ते आठवून पाहा. साधं होकायंत्र टेबलावर ठेवा आणि घड्याळ त्याच्या बाजूने हळू न्या. सुई ठळकपणे डुलली तर संशय खरा. पोलादाच्या भागांमुळे ती किंचित हलू शकते, तेवढ्यावर निकाल देऊ नका.

उपाय दोन मिनिटांचा आहे. चुंबकत्व काढण्याची छोटी पेटी घड्याळजीकडे असते, विकतही मिळते. घड्याळ पेटीवर ठेवा, बटण दाबा आणि दाबलेलंच ठेवून घड्याळ सरळ वर, अर्धा मीटर दूर सावकाश न्या. मग बटण सोडा. घड्याळ जवळ असतानाच बटण सुटलं तर ते नव्याने चुंबकित होऊन बसतं. घरी करणारे इथेच चुकतात, आणि मग पेटीला नावं ठेवतात. सिलिकॉनच्या हेअरस्प्रिंगच्या घड्याळांना हा त्रास फारसा होत नाही.

एवढं करूनही पुढेच जात असेल तर केस उघडावी लागेल. नकळत बसलेल्या धक्क्याने वेटोळं वेटोळ्यात अडकलं असू शकतं. ते सुईसारख्या चिमट्याने सोडवायचं काम आहे, यूट्यूब पाहून करण्याचं नव्हे.

प्रश्न : माझं महागडं ऑटोमॅटिक रोज १२ सेकंद पुढे जातं. मुलाचं स्वस्त क्वार्ट्झ महिनाभर अचूक. फसवणूक झाली का?

उत्तर : नाही. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. १२ सेकंद म्हणजे टक्क्याच्या सत्तराव्या भागापेक्षाही कमी चूक. तुलना मात्र क्वार्ट्झशी करू नका, ते त्यात जिंकणारच. महिन्याला पंधरा-वीस सेकंद इधर-उधर ही त्याची मामुली चाल. यांत्रिक घड्याळांत ‘क्रोनोमीटर’ प्रमाणपत्र देणारी स्विस संस्था सीओएससी सुटं यंत्र १५ दिवस, पाच स्थितींत आणि तीन तापमानांत तपासते. सरासरी दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे, एवढ्यात बसणारी पास. प्रमाणपत्र नसलेल्या साध्या यंत्राने दिवसाला १०-१५ सेकंद पुढे जाणं चालण्यासारखं आहे. तुमचं घड्याळ दर दिवशी ठरलेले १२च सेकंद पुढे जात असेल तर ते उलट चांगलं यंत्र आहे. त्याची चाल एकसारखी आहे, फक्त नेम थोडा सरकला आहे, आणि तो घड्याळजी पाच मिनिटांत लावतो. आज ३ पुढे, उद्या ९ मागे असं चालणाऱ्या घड्याळावर मात्र नेम लावून उपयोग नसतो.

तोवर एक घरगुती युक्ती. तबकडी वर असताना बॅलन्सचा आस टोकावर फिरतो, घर्षण कमी. घड्याळ उभं केलं की आस कडेने घासतो आणि झोका लहान होतो. म्हणून दोन्ही स्थितींत चाल वेगळी येते. पूर्ण चावी देऊन एक रात्र तबकडी वर, दुसरी रात्र चावी वर, तिसरी रात्र चावी खाली असं ठेवा आणि दर सकाळी फरक लिहा. ज्या स्थितीत ते मागे पडतं तिच्यातच रोज झोपवलंत तर दिवसाचे पुढचे सेकंद रात्री वजा होतात. अर्धवट चावीवर हा प्रयोग करू नका. कमान सैल झाली की झोके लहान होतात आणि सगळे आकडे बिघडतात.

प्रश्न : तारीख दुपारी बारा वाजता बदलते. शिवाय रात्री दहाला तारीख पुढे करायला गेलो तर चावी जड लागली.

उत्तर : पहिलं दुखणं काहीच नाही, काटे बारा तासांनी चुकीचे लावलेत. दुसरं धोक्याचं आहे. साधारण रात्री ९पासून पहाटे ३पर्यंत तारीख बदलणारं बोट तारखेच्या चकतीच्या दातांत गुंतलेलं असतं. तेव्हा चावीने तारीख रेटली तर बोट किंवा दात तुटतो. जड लागल्यावर थांबलात, हे बरं केलंत. योग्य क्रम असा : आधी काटे फिरवून साडेसहावर आणा. मग चावी मधल्या खाचेत ठेवून तारीख कालची लावा. आता चावी पूर्ण ओढून काटे पुढे फिरवा, तारीख पलटली की ती मध्यरात्र. तिथून पुढे आजची वेळ लावा, दुपारची असेल तर बारा ओलांडून. पलटी बाराला पाच-दहा मिनिटं आधी-नंतर झाली तर तक्रार नको.

प्रश्न : शर्टाच्या बाहीखाली शोभेल असं सभ्य ऑटोमॅटिक घ्यायचं आहे. तबकडीवर ‘२५ ज्वेल्स’ लिहिलेलं चांगलं का?

उत्तर : ज्वेल्स म्हणजे आस जिथे फिरतात तिथे बसवलेली कृत्रिम माणकं, घर्षण कमी करणारी. साध्या ऑटोमॅटिकला २१ ते २५ पुरेत. त्याहून जास्त आकडा म्हणजे जास्त दर्जा असं नव्हे.

शोभेसाठी व्यासापेक्षा जाडी पाहा. रोटर आणि त्याची चाकं यंत्रावर एक मजला चढवतात. ईटीए या स्विस कंपनीचं २८२४-२ हे सर्वत्र दिसणारं यंत्र ४.६ मिलिमीटर जाड, त्याचं उंची भावंड २८९२-ए२ ३.६. हाताने चावी द्यायचं ७००१ अवघं २.५. म्हणूनच बाहीखाली अलगद सरकणारी घड्याळं बऱ्याचदा ऑटोमॅटिक नसतात. मधला मार्ग म्हणजे मायक्रोरोटर : छोटा रोटर यंत्राच्या वर न ठेवता आतच बसवायचा. पियाजे या स्विस कंपनीचं १९६०चं १२पी हे यंत्र असंच केवळ २.३ मिलिमीटरचं होतं. पण लहान रोटर चावी सावकाश भरतो आणि अशी यंत्रं महाग असतात.

माझं मत विचाराल तर व्यास ३६ ते ३९, एकूण जाडी १० मिलिमीटरच्या आत, पांढरी किंवा काळी तबकडी, चामड्याचा पट्टा आणि सॅफायर काच. पट्टा अडकवायच्या वरच्या शिंगापासून खालच्या शिंगापर्यंतचं अंतर मनगटाच्या सपाट रुंदीपेक्षा जास्त नसावं, नाहीतर ३८चं घड्याळही हातावर ताट ठेवल्यासारखं दिसतं.

प्रश्न : घड्याळ फिरवत ठेवणारी पेटी घ्यावी का? आणि सर्व्हिसिंग किती वर्षांनी?

उत्तर : फक्त वेळ आणि तारीख असेल तर पेटीची गरज नाही. घड्याळ थांबू द्या, घालताना चावी द्या. थांबलेल्या घड्याळाची झीज होत नाही. अनेक वर्षांचं पंचांग सांभाळणाऱ्या गुंतागुंतीच्या घड्याळाला मात्र पेटी सोयीची, कारण ते पुन्हा लावणं कटकटीचं असतं. बहुतेकांना दिवसाला ६५० ते ८०० फेरे पुरतात.

सर्व्हिसिंग साधारण पाच वर्षांनी, किंवा साठा घटू लागला की. त्याआधी एक तपासणी सोपी आहे : चावी देताना मागच्या काचेतून रोटरही सोबत गरगर फिरताना दिसला तर रिव्हर्सर घाण झालेत. तेव्हा हाताने चावी देणं बंद करा, नाहीतर दात झिजतील. यंत्र पूर्ण सोडवून धुतात का, हे आधीच विचारा. न सोडवता पेट्रोलमध्ये बुचकळून देणं म्हणजे घाण एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेणं. झपाट्याने हलणाऱ्या बॅलन्सला पातळ तेल, सावकाश चाकांना दाट, कमानीच्या डबीला ग्रीस आणि रिव्हर्सरला जवळजवळ नाहीच, असा हात लागतो. रिव्हर्सरमध्ये सढळ तेल घालणारे त्याचा गोंद करून ठेवतात. परत घेताना चाल मोजणाऱ्या टायमिंग यंत्राचे आकडे मागा : पूर्ण चावीवर, तबकडी वर असताना बॅलन्सचा झोका २७० अंशांच्या पुढे हवा, चोवीस तासांनी २००च्या खाली नको.

प्रश्न : ‘३० मीटर वॉटर रेझिस्टंट’ लिहिलंय, तरी आंघोळीनंतर काचेवर आतून वाफ आली.

उत्तर : ३० मीटर हा स्थिर पाण्यातल्या तीन बार दाबाचा आकडा आहे, पोहण्याची परवानगी नव्हे. हात धुणं, पावसाचे थेंब, इथवरच. गरम पाणी आणि साबण रबरी वॉशर लवकर कडक करतात. वाफ दिसली की चावी ओढू नका, घड्याळ उन्हात किंवा ड्रायरसमोर धरू नका, तांदळाच्या डब्यात तर नकोच. त्याच दिवशी उघडून सुकवून घ्या. चावीच्या आसपासचे पोलादी भाग सर्वांत आधी गंजतात, आणि एकदा गंज धरला की भागच बदलावे लागतात. केस बंद करताना नवे वॉशर आणि दाबाची चाचणी मागा.